कमांड एक, बोलावणारे दोन: इमॅक्समधील आर्ग्युमेंट नोंदवण्याची रीत

इमॅक्स या एडिटरमध्ये जे फंक्शन कळ दाबून किंवा मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट ही कळ) दाबून नाव टाइप केल्यावर चालवता येते, त्याला कमांड म्हणतात. तीच कमांड एलिस्पमध्ये, म्हणजे इमॅक्सच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून साध्या फंक्शनसारखी बोलावताही येते. दोन्ही वाटांनी शेवटी एकच कोड चालतो, पण त्या कोडच्या हाती आर्ग्युमेंट, म्हणजे कामासाठी लागणारी मूल्ये, पडण्याची रीत मात्र दोन्हींकडे निराळी असते. कमांडच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे तिच्या व्याख्येतच लिहून ठेवलेल्या मदतीच्या मजकुरात, यांपैकी एकच वाट नोंदवली गेली, तर दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला कोड उघडून वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हे मला माझ्याच चुकीतून कळले. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या छोट्या कार्यालयात मी काम करत होतो, तेथे लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांदा लिलावांच्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये येत असत. एका ओळीत एक वक्कल (लिलावात एकत्र विकला जाणारा माल), त्याचे क्विंटलमधील वजन आणि त्याला मिळालेला भाव, एवढाच मजकूर असे. निवडलेल्या ओळींची एकूण रक्कम काढून त्यातून हमाली-तोलाई वजा करणारी एक कमांड मी लिहिली आणि तिला ‘पट्टी-बेरीज’ असे नाव दिले. एलिस्पमध्ये फंक्शनचे नाव देवनागरीत ठेवता येते. डॉकस्ट्रिंग एकाच ओळीची होती: ‘निवडलेल्या ओळींची निव्वळ रक्कम दाखवते.’ कळफलकावर बसून ती चालवणारा मी एकटाच होतो, त्यामुळे त्या ओळीत काही उणे आहे असे मला वर्षभर वाटले नाही. पुढे एका सहकाऱ्याने रात्री आपोआप चालणाऱ्या कामात तीच कमांड घातली, आणि सकाळी त्याला रकमेऐवजी स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रॅमला मजकूर पुरवणाऱ्या ठरावीक वाटेतून) काही वाचता आले नाही अशी तक्रार करणारी चूक मिळाली. वजावट किती हे विचारणारा प्रॉम्प्ट मी फंक्शनच्या पोटातच ठेवला होता. बॅच पद्धतीने, म्हणजे समोर माणूस नसताना, चालणाऱ्या इमॅक्सने उत्तरासाठी स्टँडर्ड इनपुटकडे पाहिले, आणि मध्यरात्री तेथे उत्तर द्यायला कोणीही नव्हते. सहकाऱ्याने मदतीचा मजकूर आधी वाचला होता, परंतु त्यात प्रॉम्प्टचा उल्लेखच नव्हता.

आधी आर्ग्युमेंट कोठून येतात ते पाहावे

डॉकस्ट्रिंग लिहायला बसण्यापूर्वी ‘इंटरॅक्टिव्ह’ या फॉर्मचे काम नीट समजून घ्यावे लागते. हा फॉर्म फंक्शनच्या व्याख्येत डॉकस्ट्रिंगच्या लगेच नंतर येतो आणि त्याचे काम एकच असते: कमांड कळफलकावरून चालवली गेल्यास आर्ग्युमेंटची यादी तयार करून देणे. प्रोग्रॅमने ती कमांड फंक्शन म्हणून बोलावली, तर हा फॉर्म चालतच नाही, आणि बोलावणाऱ्याने जे दिले तेच फंक्शनला मिळते. म्हणून फंक्शनचे पोट हे प्रोग्रॅमसाठीचे आणि इंटरॅक्टिव्ह फॉर्म हा कळफलकावरच्या माणसासाठीचा, अशी वाटणी मनाशी पक्की केली की डॉकस्ट्रिंगचीही वाटणी आपोआप ठरते.

या फॉर्ममध्ये एक तर अक्षरांचे संकेत लिहिता येतात, किंवा यादी परत देणारी एलिस्पची एखादी अभिव्यक्ती लिहिता येते. संकेतांपैकी रोजच्या वापरातले थोडेच आहेत. स्मॉल आर निवडलेल्या भागाची दोन टोके देतो, स्मॉल एस मजकूर विचारतो, स्मॉल एन आकडा विचारतो, स्मॉल एफ अस्तित्वात असलेल्या फाइलचे नाव विचारतो, तर कॅपिटल एफला फाइल अस्तित्वात नसली तरी चालते. आरंभी तारांकन लिहिले, तर केवळ वाचण्यासाठी उघडलेल्या बफरमध्ये (इमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुरात) कमांड सुरुवातीलाच चूक दाखवून थांबते. तारांकनाची ही अट प्रोग्रॅमला लागू होत नाही, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. फॉर्मच चालला नाही तर त्याची तपासणी कोठून होणार?

प्रॉम्प्ट फंक्शनच्या पोटात न ठेवता या फॉर्ममध्ये ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मिनिबफरमधून, म्हणजे खिडकीच्या तळाशी प्रश्न विचारणाऱ्या ओळीतून, आर्ग्युमेंट घेणाऱ्या कमांड इमॅक्स आपल्या इतिहासात नोंदवून ठेवतो, आणि कंट्रोल-एक्स दाबून दोनदा एस्केप दाबले की ती पूर्ण हाक, आर्ग्युमेंटसकट, संपादनासाठी समोर येते. पोटात विचारलेले प्रश्न या हाकेत आर्ग्युमेंट म्हणून दिसत नाहीत. म्हणजे ज्या कमांडची आर्ग्युमेंट धड नोंदवता येत नाहीत, तिची रचनाच बहुधा चुकलेली असते. डॉकस्ट्रिंग लिहिताना एखादे वाक्य काही केल्या सरळ होईना, तर ते वाक्य सोडून आधी कोड दुरुस्त करावा, असा माझा अनुभव आहे.

प्रीफिक्सचे चार चेहरे

सर्वांत जास्त गोंधळ प्रीफिक्स आर्ग्युमेंटमध्ये होतो, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. कमांड देण्यापूर्वी कंट्रोल-यू दाबून किंवा मेटासह आकडा दाबून जे दिले जाते, ते इमॅक्सकडे दोन रूपांत असते. एक कच्चे रूप आणि दुसरे आकड्याचे रूप.

कच्च्या रूपाचे चार प्रकार होतात. काहीच दिले नसेल तर ते निल, म्हणजे एलिस्पमधले ‘काही नाही’ किंवा ‘खोटे’, असते. आकडा दिला असेल तर तो पूर्णांक असतो. नुसते कंट्रोल-यू दिले असेल तर ४ हा एकच आकडा असलेली यादी असते, आणि कंट्रोल-यू दोनदा दिले तर त्या यादीत ४ च्या जागी १६ येतो. नुसते उणे चिन्ह दिले असेल तर उणे याच नावाचे सिम्बॉल असते. आकड्याच्या रूपात मात्र हे सगळे सपाट होते: निलचा १, उण्याचा उणे १, आणि यादीतल्या ४ चा साधा ४. इंटरॅक्टिव्ह फॉर्ममध्ये कॅपिटल पी लिहिला तर फंक्शनला कच्चे रूप मिळते, आणि स्मॉल पी लिहिला तर आकडा मिळतो.

यातून दस्तऐवजाचे दोन नियम निघतात. स्मॉल पी वापरणाऱ्या कमांडला कळफलकावरून निल कधीच मिळत नाही, कारण प्रीफिक्स नसला तरी १ येतो. तेच आर्ग्युमेंट ऐच्छिक असेल आणि प्रोग्रॅमने ते वगळले, तर मात्र फंक्शनला निल मिळते. म्हणून ‘दिले नसल्यास काय’ याचे उत्तर दोन्ही बाजूंसाठी लिहावे लागते, मग ते दोन्हीकडे एकच का असेना. इमॅक्सच्या स्वतःच्या ‘फॉरवर्ड-चार’ या कमांडची डॉकस्ट्रिंग या बाबतीत आदर्श आहे. एवढ्याशा कामासाठी, म्हणजे कर्सर काही अक्षरे पुढे नेण्यासाठी, ती चार गोष्टी सांगते: आकडा ऋण असल्यास उलट दिशेने जाते, बफरच्या टोकाला पोहोचल्यास थांबून चूक कळवते, कळफलकावरून चालवल्यास तो आकडा म्हणजे प्रीफिक्सचे संख्यारूप असते, आणि तो वगळला किंवा निल दिला तर एक अक्षर पुढे जाते. शेवटची दोन वाक्ये दोन वेगळ्या वाचकांसाठी आहेत.

दुसरा नियम कॅपिटल पीचा. आर्ग्युमेंट कच्च्या रूपात येत असेल, तर चारही प्रकारांत काय होते ते लिहिले पाहिजे, किंवा ‘निल नसलेले कोणतेही मूल्य’ असे स्पष्ट म्हटले पाहिजे. नुसते ‘प्रीफिक्स दिल्यास’ एवढे लिहिणे कळफलकावरच्या माणसाला पुरते, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पुरत नाही. त्याच्या कोडमध्ये कंट्रोल-यू नावाची गोष्ट नसते. त्याला तेथे काहीतरी मूल्य टाकायचे असते, आणि ४ टाकावे, ४ ची यादी टाकावी की नुसते टी, म्हणजे एलिस्पमधले ‘खरे’, टाकावे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांना हा भेद ओळखीचा वाटेल. तेथे व्ही-काउंट आणि व्ही-काउंट१ असे दोन व्हेरिएबल आहेत. आकडा दिला नसल्यास पहिल्यात ० मिळतो आणि दुसऱ्यात १. ‘दिले नाही’ आणि ‘एक दिला’ यांतला फरक हवा की नको, हा निर्णय प्रत्येक एडिटरमध्ये कोणाला तरी घ्यावाच लागतो.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. ‘करंट-प्रीफिक्स-आर्ग’ हे व्हेरिएबल फंक्शनच्या पोटातून थेट वाचता येते, आणि त्यामुळे आर्ग्युमेंट वाढवण्याचे श्रम वाचतात. परंतु समजा, वापरकर्त्याने कंट्रोल-यू देऊन दुसरीच एखादी कमांड चालवली आणि त्या कमांडने आतून आपले फंक्शन बोलावले, तर आपल्या फंक्शनला तिच्यासाठी दिलेला प्रीफिक्स दिसतो आणि ते भलतेच वागते. असे वागणे कोणत्याही डॉकस्ट्रिंगमध्ये प्रामाणिकपणे लिहून काढता येणार नाही. ते व्हेरिएबल वाचायचेच असेल तर इंटरॅक्टिव्ह फॉर्मच्या आत वाचावे आणि त्याचे मूल्य आर्ग्युमेंट म्हणून पुढे द्यावे.

मजकुराचा क्रम

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. पहिले वाक्य पूर्ण असावे, ते एका ओळीत मावावे आणि त्यात कमांड काय करते एवढेच सांगावे, कारण अप्रोपोससारख्या, शब्द देऊन कमांड शोधण्याच्या सोयीत पहिलीच ओळ दिसते. त्यानंतर प्रोग्रॅमसाठीचा करार लिहावा: प्रत्येक आर्ग्युमेंट काय आहे, कोणत्या एककात आहे, वगळल्यास काय होते आणि फंक्शन काय परत देते. त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात, ‘कळफलकावरून चालवल्यास’ अशा शब्दांनी सुरुवात करून, तीच आर्ग्युमेंट तेथे कोठून येतात ते सांगावे. बरेच लेखक उलटा क्रम घेतात, आणि केवळ हातानेच वापरायच्या कमांडसाठी तो ठीकही आहे. परंतु करार आधी लिहिला की कळफलकाचा परिच्छेद फारच छोटा होतो, असे मला दिसले आहे. त्यात आर्ग्युमेंटचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही, फक्त उगम सांगावा लागतो.

एककाविषयी एक गोष्ट सांगतो. लासलगावच्या लिलावात कोणी ‘अठराशे’ असे ओरडले तर ते रुपये आहेत आणि ते क्विंटलमागे आहेत, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीवर ते लिहावेच लागते, कारण ती पट्टी पुढे घरी, बँकेत, आणखी कोठेतरी वाचली जाणार असते. कळफलकावरच्या प्रॉम्प्टची स्थिती लिलावातल्या हाकेसारखी असते: ‘कपात, रुपये प्रति क्विंटल:’ असे त्याने विचारले की संदर्भ समोरच असतो. प्रोग्रॅमला तो प्रॉम्प्ट दिसत नाही. म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहिलेला प्रत्येक खुलासा डॉकस्ट्रिंगमध्येही असला पाहिजे. ही तपासणी सोपी आहे: इंटरॅक्टिव्ह फॉर्ममधले सर्व प्रॉम्प्ट पुसून टाकले आहेत असे समजावे आणि मग डॉकस्ट्रिंग वाचून पाहावी.

दुरुस्तीनंतर ‘पट्टी-बेरीज’ची डॉकस्ट्रिंग अशी झाली. तिला चार आर्ग्युमेंट आहेत, आरंभ, शेवट, कपात आणि दाखवा, आणि त्यांतली शेवटची दोन ऐच्छिक आहेत.

> आरंभ आणि शेवट यांमधील वक्कलांची निव्वळ रक्कम काढते.
> दर ओळीतील पहिला आकडा क्विंटलमधील वजन आणि दुसरा आकडा प्रति क्विंटल भाव मानला जातो. आरंभ आणि शेवट ही बफरमधील स्थाने असून ती कोणत्याही क्रमाने दिली तरी चालतात.
> कपात ही प्रति क्विंटल वजा करायची रक्कम रुपयांत असते. ती निल असेल किंवा वगळली असेल, तर काहीही वजा होत नाही.
> दाखवा हे आर्ग्युमेंट निल नसेल, तर रक्कम खालच्या ओळीत संदेश म्हणूनही दिसते.
> निव्वळ रक्कम रुपयांत परत देते.
>
> कळफलकावरून चालवल्यास आरंभ आणि शेवट ही निवडलेल्या भागाची टोके असतात. काहीही निवडलेले नसेल, तर बफरचा सध्या दिसू दिलेला सर्व भाग घेतला जातो. प्रीफिक्समध्ये आकडा दिल्यास तोच कपात होतो, नुसते कंट्रोल-यू एकदा किंवा अधिक वेळा दिल्यास कपात विचारली जाते, आणि प्रीफिक्स नसल्यास कपात निल असते. नुसते उणे चिन्ह दिल्यास चूक कळवली जाते. दाखवा हे आर्ग्युमेंट कळफलकावरून चालवताना कधीच निल नसते.

यातील ‘दिसू दिलेला भाग’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. इमॅक्समध्ये बफर नॅरो करून त्याचा काही भागच उघडा ठेवता येतो, आणि अशा वेळी ‘संपूर्ण बफर’ म्हटले तर वाचकाची फसगत होते.

डॉकस्ट्रिंगमध्ये कळेचे नाव हाताने लिहू नये. वर छापण्याच्या सोयीसाठी मी कंट्रोल-यू असे लिहिले आहे, पण प्रत्यक्ष कोडमध्ये तेथे दोन बॅकस्लॅश आणि त्यापुढे चौकटी कंसात ‘यूनिव्हर्सल-आर्ग्युमेंट’ हे कमांडचे नाव असते. मदत दाखवताना इमॅक्स त्या जागी वाचकाच्या स्वतःच्या मांडणीतील कळ भरतो, त्यामुळे ज्याने कळा बदलून घेतल्या आहेत त्यालाही अचूक माहिती मिळते.

भाग निवडणे, रिकामा मजकूर आणि इतर खाचा

स्मॉल आर हा संकेत दोन स्थाने देतो आणि लहान स्थान नेहमी आधी देतो. प्रोग्रॅमकडून अशी शाश्वती नसते. फंक्शनच्या पोटात क्रम गृहीत धरला असेल तर ‘आरंभ हे शेवटपेक्षा लहान असले पाहिजे’ असे लिहावे, आणि धरला नसेल तर कोणताही क्रम चालतो असे लिहावे. बफरमध्ये मार्क, म्हणजे निवडीचे दुसरे टोक दाखवणारी खूण, ठेवलेलाच नसेल तर हा संकेत चूक देतो, ही माहिती मात्र सहसा डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिण्याची गरज नसते, कारण तो संदेश स्वतःच पुरेसा बोलका आहे.

इमॅक्सच्या ‘किल-रीजन’ या कमांडचा मजकूर एकदा अवश्य वाचावा. तिला आरंभ आणि शेवट यांखेरीज रीजन नावाचे तिसरे आर्ग्युमेंट आहे. ते निल नसेल तर पहिली दोन आर्ग्युमेंट दुर्लक्षित होतात आणि सध्या निवडलेला भाग कापला जातो, आणि कळफलकावरून चालवल्यास ते कधीही निल नसते, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे हाताने चालवताना पहिली दोन आर्ग्युमेंट निव्वळ शोभेची असतात. एवढी विचित्र रचना केवळ दोन वाक्यांत सुबोध करता येते. मजकूर कापून पुन्हा वापरण्यासाठी जपायचा नसून नुसता काढून टाकायचा असेल तर प्रोग्रॅमने दुसरे फंक्शन वापरावे, असा सल्लाही ती देते, आणि हा सल्ला कळफलकावरच्या वाचकासाठी नाही हे सहज कळते.

स्मॉल एसची खाच लहान आहे पण वारंवार भोवते. प्रॉम्प्टवर काही न लिहिता एंटर दाबले तर फंक्शनला निल मिळत नाही, रिकामा मजकूर मिळतो, आणि एलिस्पमध्ये रिकामा मजकूर निल मानला जात नाही. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र ‘नको’ म्हणताना निलच देतो. दोन्हींचा अर्थ एक असेल तर कोडमध्ये तसे करून डॉकस्ट्रिंगमध्ये ‘निल किंवा रिकामा मजकूर’ असे लिहावे.

दाखवणे आणि परत देणे

कळफलकावरच्या माणसाला उत्तर डोळ्यांना दिसायला हवे असते, आणि प्रोग्रॅमला ते मूल्य म्हणून हवे असते. ‘काउंट-वर्ड्स’ या कमांडच्या डॉकस्ट्रिंगमध्ये ही फोड नावानिशी केलेली आहे. हाताने चालवल्यास ओळी, शब्द आणि अक्षरे यांची संख्या सांगणारा संदेश येतो, तर एलिस्पमधून बोलावल्यास कोणताही संदेश न दाखवता शब्दांची संख्या परत मिळते. फंक्शन मूल्य परत देते की केवळ परिणामासाठी चालते, हे ज्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलेले नसते, तिच्या फंक्शनच्या मूल्यावर विसंबणे धोक्याचे असते, कारण ते मूल्य पुढच्या आवृत्तीत बदलले तर तक्रार करायला जागा राहत नाही.

कमांड कोणी बोलावली हे पोटातून ओळखण्यासाठी ‘कॉल्ड-इंटरॅक्टिव्हली-पी’ हे फंक्शन आहे. त्याला प्रकार सांगावा लागतो. ‘इंटरॅक्टिव्ह’ असा प्रकार दिला, तर कीबोर्ड मॅक्रो (नोंदवून ठेवलेली कळांची मालिका) चालू असताना ते निल देते, आणि ‘एनी’ दिला, तर मॅक्रोमधूनही होकार देते. हे फंक्शन असले तरी ते शक्यतो वापरू नये, असे इमॅक्सचा स्वतःचा मजकूरही सांगतो, आणि मलाही ते पटते. त्याऐवजी एक ऐच्छिक आर्ग्युमेंट वाढवावे आणि इंटरॅक्टिव्ह फॉर्ममधून त्याला निल नसलेले मूल्य द्यावे. त्यासाठी स्मॉल पी सोयीचा पडतो, कारण तो कधीच निल देत नाही. वरच्या उदाहरणातील ‘दाखवा’ हे आर्ग्युमेंट याच जातीचे आहे, फक्त तेथे संकेतांऐवजी अभिव्यक्ती असल्याने यादीच्या शेवटी टी ठेवले आहे. आर्ग्युमेंट झाले की त्याचे नाव डॉकस्ट्रिंगमध्ये येते, प्रोग्रॅमला हवा असल्यास तोही संदेश मागू शकतो, आणि चाचणी करताना दोन्ही वागणुकी तपासता येतात.

काही कमांड प्रोग्रॅमने वापरूच नयेत अशा असतात. ‘बिगिनिंग-ऑफ-बफर’ त्यांपैकी एक आहे: ती बफरच्या आरंभी जाताना वाटेत मार्कही ठेवते, आणि तो ठेवला गेलेला प्रोग्रॅमला नको असतो. आपली कमांड अशी असेल तर ते केवळ वाक्यात लिहून थांबू नये. व्याख्येच्या ‘डिक्लेअर’ फॉर्ममध्ये ‘इंटरॅक्टिव्ह-ओन्ली’ असे घोषित करून पर्यायी फंक्शनचे नाव द्यावे. मग बाइट-कंपायलरही इशारा देतो आणि मदतीच्या पानावरही ती सूचना आपोआप दिसते.

मराठीत लिहिताना

इंग्रजी डॉकस्ट्रिंगमध्ये आर्ग्युमेंटचे नाव कॅपिटल अक्षरांत लिहिण्याचा प्रघात आहे, आणि चेकडॉक हे तपासणीचे साधन तो पाळला आहे की नाही ते पाहते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. त्यात मराठीत नामाचे सामान्यरूप होते, त्यामुळे भाव हे आर्ग्युमेंटचे नाव असेल तर वाक्यात ‘भावाने’, ‘भावाचा’ अशी रूपे येतात आणि मूळ नाव शोधायला कठीण जाते. यावर मी दोन उपाय करतो. नाव प्रथमेतच राहील अशी वाक्यरचना निवडतो, आणि तसे शक्य नसेल तेथे ‘भाव या आर्ग्युमेंटचे मूल्य’ असे लिहून विभक्ती दुसऱ्या शब्दावर ढकलतो. थोडे लांबते, पण शोधता येते.

क्रियापदाचाही प्रश्न येतो. इंग्रजीत ‘हलव’, ‘काप’ अशी आज्ञार्थी सुरुवात करतात. मराठीत ‘रक्कम काढा’ असे लिहिले, तर ती वाचकाला केलेली सूचना वाटते. ‘काढते’ हे रूप मला योग्य वाटते, कारण त्यात कमांड हा कर्ता अध्याहृत राहतो.

आकड्यांबाबत एक इशारा डॉकस्ट्रिंगमध्येच द्यावा. मजकुरातून संख्या काढणारे ‘स्ट्रिंग-टू-नंबर’ हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, आणि त्याला ‘१८५०’ दिले तर ते मुकाट्याने शून्य परत देते. आमच्या फाइलमध्ये काही व्यापाऱ्यांच्या नोंदी देवनागरी अंकांत येत, आणि त्या ओळींची बेरीज शून्य होई. शेवटी अंक आधी बदलून घेण्याचे काम मी फंक्शनच्या पोटात घातले आणि ‘दोन्ही प्रकारचे अंक चालतात’ असे एक वाक्य वाढवले. ही दुरुस्ती पोटात असल्यामुळे ती दोन्ही वाटांना लागू पडते. इंटरॅक्टिव्ह फॉर्ममध्ये केली असती, तर रात्रीचे काम पुन्हा फसले असते.

तपासणी

लिहून झाले की आधी कंट्रोल-एच दाबून एफ दाबावे, कमांडचे नाव द्यावे आणि मदतीचे पान वापरकर्त्याच्या नजरेने वाचावे. सही, म्हणजे आर्ग्युमेंटची यादी, वर दिसते. तिच्यातले प्रत्येक नाव खाली सापडले पाहिजे. मग मेटा-कोलन दाबून तीच कमांड एलिस्पमधून बोलवावी: एकदा ऐच्छिक आर्ग्युमेंट वगळून, एकदा तेथे निल देऊन, एकदा स्थानांचा क्रम उलटा करून. त्यानंतर हाताने चालवावी: प्रीफिक्सशिवाय, आकडा देऊन, नुसते कंट्रोल-यू देऊन आणि नुसते उणे चिन्ह देऊन. दर वेळी परिणाम पाहण्यापूर्वी, डॉकस्ट्रिंगवरून काय व्हायला हवे ते कागदावर लिहून ठेवावे. जेथे काही लिहिता येत नाही, तेथे डॉकस्ट्रिंगमध्ये वाक्य कमी आहे.

शेवटची चाचणी बॅच पद्धतीची. टर्मिनलमधून इमॅक्सला बॅच हा पर्याय द्यावा, स्टँडर्ड इनपुट रिकामे ठेवावे आणि फंक्शन बोलवावे. कोठेतरी प्रॉम्प्ट दडून बसला असेल तर तो येथे चूक होऊन बाहेर येतो. बॅचमध्ये संदेश स्टँडर्ड एररवर जातात, त्यामुळे ‘दाखवा’ वगळून बोलावलेल्या फंक्शनकडून तेथे एकही ओळ येता कामा नये. ‘पट्टी-बेरीज’ दुरुस्त केल्यावर ही चाचणी मी त्याच सहकाऱ्याला करायला दिली, कारण मला उत्तरे आधीच माहीत होती. त्याने मदतीचे पान वाचून एकच प्रश्न विचारला: एखाद्या ओळीत भावच नसेल तर काय? ते वाक्य मी त्याच दिवशी वाढवले. अशी ओळ वगळली जाते.